शंभर मैलांचा आठवडा

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांची शर्यत. जुन्या मापानें सव्वीस मैलांहून किंचित् अधिक. ती एका सकाळींच आटोपते. छायाचित्रें निघतात तीं त्याच सकाळचीं, आणि पदक गळ्यांत पडतें तेंहि तेव्हांच. परंतु ती सकाळ ज्या आठवड्यांच्या पायावर उभी असते, त्यांच्याविषयीं घरांतून फारसें बोललें जात नाहीं. २००४ सालीं मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली, आणि तेव्हांपासून आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनहि एखादा चिरंजीव, एखादी सून, क्वचित् साठी उलटलेले आजोबासुद्धां पहाटे चारला उठून बुटांच्या नाड्या आवळूं लागले. त्यांपैकीं कोणी 'या आठवड्यांत शंभर मैल करावयाचे आहेत' असें सहज बोलून गेला, तर ऐकणाऱ्या मातोश्रींनीं काय समजावें? हा आंकडा आला कोठून, आणि तो कोणाला पेलतो?

या आंकड्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डनें. जन्म १९१७ चा, वास्तव्य ऑकलंडचें, नोकरी जोड्यांच्या कारखान्यांत. वैद्यकाची पदवी नाहीं, व्यायामशास्त्राचीहि नाहीं. एकदां आपल्या क्लबांतील एका वयानें मोठ्या गृहस्थाबरोबर पांचसहा मैल धांवतांना त्याची पुरती दमछाक झाली. आणि विशीच्या उत्तरार्धांतच ही स्थिति, तर सत्तेचाळिशींत आपलें काय होणार, अशी धास्ती त्याच्या मनानें घेतली. त्यानंतर कित्येक वर्षें त्यानें स्वतःच्याच देहावर प्रयोग चालविले. कधीं आठवड्याला थोडे मैल, कधीं अडीचशेंपर्यंत. अखेर त्याचा निष्कर्ष असा ठरला कीं, बेताच्या पण स्थिर गतीनें सुमारें शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हें प्रमाण उत्तम. प्रयोगशाळेचें तोंड न पाहतां एका कामगारानें काढलेलें हें अनुमान पुढें शास्त्रज्ञांनाहि विचारांत घ्यावें लागलें.

त्याचे शिष्य बहुतेक आसपासच्याच वस्तींतले, दिवसभर कामधंदा करणारे. १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्यें २ सप्टेंबर रोजीं, तासाभराच्या अंतरानें, पीटर स्नेलनें ८०० मीटरची आणि मरे हॅलबर्गनें ५००० मीटरची शर्यत जिंकली. हॅलबर्गचा डावा हात रग्बीच्या खेळांत कायमचा अधू झालेला होता. १० सप्टेंबरला मॅरेथॉनमध्यें अनवाणी धांवणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला पहिला आला, आणि तिसरा आला लिडियार्डचाच बॅरी मॅगी.

यांतील नवलाची गोष्ट स्नेलची आहे. त्याची शर्यत पुरतीं दोन मिनिटेंहि चालत नाहीं. तरी रविवारीं त्याला इतरांबरोबर वायतारुआचा बावीस मैलांचा फेरा घ्यावाच लागे. ऑकलंडच्या उपनगरांतून निघून वायताकेरेच्या डोंगरांत चढणारा हा रस्ता. उरलेले दिवस नोकरीची वेळ सांभाळून दहापासून अठरा मैलांपर्यंत. एक दिवस लांब आणि सावकाश, दुसरा आंखूड पण किंचित् जोराचा. बेरीज शंभराच्या आसपास. असे दहाबारा आठवडे झाल्यावर मग चढावरचें धांवणें, आणि वेगाचा अभ्यास सर्वांच्या शेवटीं. सावकाश म्हणजे किती, याची त्याची कसोटी घरगुती होती: सोबत्याशीं गप्पा मारतां आल्या पाहिजेत. गप्पा बंद पडल्या, तर वेग अधिक झाला.

या संथ मैलांनीं शरीरांत काय घडतें? स्नायूंतील केशवाहिन्यांचें जाळें दाट होतें. अन्नाचें शक्तींत रूपांतर करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. स्नायूंत आणि यकृतांत ग्लायकोजेन नांवाची साखरेची शिदोरी असते. ती मॅरेथॉनमध्यें बहुधा तिसाव्या किलोमीटरच्या पुढें सरत येते, आणि भल्याभल्यांचे पाय शिशाचे होतात ते तेथेंच. संवयीनें शरीर चरबी अधिक जाळावयास शिकतें व शिदोरी जपून वापरतें. लांब फेऱ्याच्या उत्तरार्धांत मंद गतीचे स्नायुतंतु रिते होऊं लागले, कीं वेगाचे तंतुहि कामाला जुंपले जातात. आपल्याला तो फेरा कां फळला, याचा उलगडा स्नेलनें पुढें स्वतः शरीरशास्त्राचा अभ्यासक होऊन याच मार्गानें केला.

मात्र शरीराचीं सर्व अंगें एका चालीनें शिकत नाहींत. श्वास आणि हृदय कांहीं आठवड्यांतच सरावतात. हाडें आणि स्नायुबंध यांना महिनोन्महिने लागतात. उत्साही तरुण फसतो तो येथें. दम लागेनासा झाला म्हणून तो मैल वाढवितो, आणि नडगीच्या हाडाला बारीक भेग पडून तीन महिने घरीं बसतो.

स्वयंपाकघराचा हिशेबहि पाहिला पाहिजे. दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागें, सुमारें एक कॅलरी खर्च होते. पंचावन्न किलोच्या माणसाला १६० किलोमीटरांसाठीं आठवड्याला ८,८०० कॅलरी, म्हणजे रोज सुमारें साडेबाराशें, जादा लागणार. ज्वारीच्या पांचेक भाकरींचें हें काम! लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशीं एकादशी आली, तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण अगदीं शास्त्रशुद्ध ठरते. साबुदाणा निव्वळ पिष्ट आहे. निर्जळा उपास मात्र अशा आठवड्यांत धरूं नये. शाकाहारी घरांत लोहाकडेहि लक्ष हवें. डाळी व पालेभाजी यांवर लिंबू पिळावें आणि जेवणाला लागून चहा घेऊं नये.

मुली व सुना यांच्याविषयीं स्पष्टच लिहिलें पाहिजे. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्यें आली ती १९८४ सालीं, लॉस एंजेलिसला. त्यांना तें अंतर झेपणार नाहीं ही समजूत जोन बेनोईटनें २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत निकालांत काढली. पण मैल वाढत असतां मासिक धर्म बंद पडला, तर ती तंदुरुस्तीची खूण नव्हे. खर्चाच्या मानानें अन्न कमी पडत आहे, आणि हाडें ठिसूळ होऊं लागलीं आहेत, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करूं नये.

हें सारें परक्या देशाचें, असें कोणी म्हणूं नये. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले आणि एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. त्या वर्षीं अंतरहि नेहमींपेक्षां मोठें, ४२.७५ किलोमीटर होतें. त्या संघाच्या पाठीशीं पुण्याचें डेक्कन जिमखाना आणि सर दोराबजी टाटा हे होते.

आतां आपल्या चिरंजीवांकडे वळूं. लिडियार्डचे गडी मैलाला सहासात मिनिटें घेत. त्यांचे शंभर मैल दहाबारा तासांत उरकत. आपला नोकरदार धांवपटु किलोमीटरला सात मिनिटें घेतो; त्याला त्याच अंतरास अठरा तासांहून अधिक लागतील. आंकडा तोच, पण शरीरावरचा भार दीडपटीहून जास्त, आणि तो ऑफिस, लोकलचा प्रवास व अपुरी झोंप यांवर चढलेला. म्हणूनच लिडियार्डहि पुढें मैल मोजण्याऐवजीं वेळ मोजावयास सांगूं लागला. १९६२ सालीं ऑकलंडमध्यें प्रौढ माणसांसाठीं त्यानें संथ धांवण्याचा क्लब काढला; त्यांत हृदयरोगांतून उठलेलीं माणसेंहि होतीं, आणि तेथें शंभर मैलांचें नांवहि कोणी काढीत नसे. आमच्या मतें, संसारी माणसाला आठवड्याला सहासात तास पुरे. पूर्वीं हृदयविकार असेल, तर पहिल्या पावलापूर्वीं तपासणी हवी.

शर्यतीपूर्वींचे दोनतीन आठवडे मैल निम्म्यावर आणावयाचे असतात. त्या दिवसांत हा प्राणी घरांत अकारण चिडचिडा होतो, पाय दुखत नसतांना चाचपून पाहतो, आणि राहिलेले मैल भरून काढण्यासाठीं चोरून बाहेर पडूं पाहतो. त्याला कोपऱ्यावरून भाजी आणावयास पाठवावें. चालत.