टाक्याचे मोल

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांत बंजारा तांडे आहेत. तांड्यातल्या कोणत्याही जुन्या घरची पेटी उघडा. तळाशी आजीचा फेटिया नाहीतर कांचळी सापडेल. लाल कापड, त्यावर पिवळे-पांढरे टाके, मधे आरसे आणि कडेला कवड्या. या कामाला बंजारा भरतकाम म्हणतात.

पूर्वी बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूर नेत. पुढे रेल्वे आली, सडका झाल्या. तो धंदा बसला. माणसे तांडे करून राहिली. पण बायांच्या हातातली सुई सुटली नाही. ही सुई आज पोटाला आधार देईल का? आम्ही म्हणतो, देईल; पण हिशेब आला पाहिजे.

एका तांड्यावर एका बाईने आम्हाला सांगितले, "चार दिवस बसली भाऊ, रोज पाच तास. पिशवी भरली. व्यापाऱ्यानं दीडशे रुपये हातावर ठेवले. वरून म्हणे, हे तं तुमच्या घरचंच काम हाय!"

आम्ही तिच्यासोबत वही घेऊन बसलो. कापड आणि अस्तर ६० रुपये. दोरा, आरसे, कवड्या ४० रुपये. म्हणजे सामानालाच १०० रुपये गेले. उरले ५० रुपये. काम झाले २० तास. तासाला पडले अडीच रुपये! बाई गप्प झाली. मग म्हणाली, "एवढ्यात तं चहा बी येत नाही."

आता खरा हिशेब पाहू. आठ तासांची मजुरी ३२० रुपये धरली, तर तासाला ४० रुपये होतात. २० तासांचे ८०० झाले. त्यात सामानाचे १०० आणि जाण्यायेण्याचे ५० मिळवा. पिशवीची किंमत ९५० रुपये झाली.

"एवढे पैसे कोण देईल?" तुमचे म्हणणे खरे आहे. सगळेच देणार नाहीत. म्हणून सगळी पिशवी भरू नका. साध्या पिशवीवर वीतभर पट्टी भरा. पाच तासांत काम होते. मजुरी २०० रुपये, सामान आणि इतर खर्च १५० धरा. पिशवी ३५० ला देता येते. बटवा, उशीचा अभ्रा, मोबाईलची थैली याही वस्तू खपतात. मोठे काम मागणी आल्यावरच हाती घ्या.

यंत्रावरचे भरतकाम स्वस्त असते. त्याच्याशी भावात झुंजू नका. हाताचे काम हवे असणारे गिऱ्हाईक वेगळे असते. ते कापड उलटून पाहते. म्हणून मागची बाजूही नेटकी ठेवा. लोंबते दोरे कापा. आरसा चारी बाजूंनी टाक्यांत घट्ट बसवा. रंग पक्का आहे का ते आधी पाहा. पांढरे फडके ओले करून कापडावर आणि दोऱ्यावर घासा. फडक्याला रंग लागला, तर ते सामान घेऊ नका. एकदा रंग गेला की गिऱ्हाईकही जाते.

हे काम एकटीने करू नका. पाच-दहा जणी मिळून करा. सामान ठोक घेतले तर स्वस्त पडते. मोठी मागणीही पुरी करता येते. बचत गट असेल तर तालुक्याच्या 'उमेद' कचेरीत जा. बचत गटांच्या मालासाठी मुंबईत 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन भरते, त्याची चौकशी करा. केंद्र सरकारचे हस्तकला आयुक्त कार्यालय कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र देते, तेही काढा. घराजवळची बाजारपेठही विसरू नका. लोणारचे सरोवर पाहायला लोक दुरून येतात. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीची मोठी गर्दी होते.

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी बाया हेच काम करतात. लंबाणी म्हणजे आपले बंजाराच. त्यांच्या भरतकामाला सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२३ साली हंपीला जी-२० परिषदेची बैठक झाली. तेव्हा साडेचारशेहून अधिक बायांनी केलेल्या १७५५ वस्तू मांडल्या होत्या. त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पहिल्या वर्षी सुईवर घर चालणार नाही. शेतीची मजुरी लगेच सोडू नका. आधी जोडधंदा म्हणून करा. उजेडात बसा, डोळे सांभाळा. गिऱ्हाईक बांधले गेले की काम वाढवा. काही तांड्यांतली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरांची शाळा तुटते. सुईचे चार पैसे नेमाने आले, तर एखादी माय लेकरांपाशी घरी राहू शकेल. हे काय थोडे झाले?

आता तुम्हाला लिहिता येते. आजच एक वही करा. सामान किती रुपयांचे लागले, तास किती बसलो, विक्री कितीला झाली, एवढे रोज लिहा. उद्या कोणी म्हणाले, "हे तर घरचेच काम," तर त्याच्यापुढे ती वही ठेवा.