पवनचक्क्यांनी पाऊस पळवला का?

माण-खटाव असो की जत-कवठेमहांकाळ, पावसाने ओढ दिली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘या पवनचक्क्यांनीच ढग पळवले.’ चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासूनचा हा समज. असं बोलणाऱ्याला हसू नये. ज्याची ज्वारी डोळ्यांदेखत करपते, तो समोर दिसणाऱ्या नव्या गोष्टीकडेच बोट दाखवणार.

मला वाटतं, गोंधळ पवनचक्कीच्या रूपातून होतो. ती घरच्या पंख्यासारखी दिसते, पण काम उलटं करते. पंखा वीज खाऊन वारा घालतो. पवनचक्की वाऱ्याचा थोडा जोर काढून घेऊन वीज देते. ती वारा ढकलतच नाही. आषाढात पठारावर ढग पात्यांना टेकलेले दिसतात, हे खरं. पण तो ढगांचा नुसता तळ. पातं पोचतं जेमतेम शे-सव्वाशे मीटरपर्यंत, पावसाळी ढग त्यावर काही किलोमीटर रचलेले असतात. माणचा पाऊस अडवतो तो सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर दहिवडी-जतकडे जेमतेम पाचशे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा या पठारांवर एकही पवनचक्की नव्हती.

‘वाऱ्याचा काय भरवसा?’ हा दुसरा आक्षेप. एका दिवसाचा नाही, पण हंगामाचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते ऑगस्टमध्ये पाती जोरात फिरवतात, नेमकं तेव्हाच ऊन मंदावलेलं असतं. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, सहवीज सुरू होते. चैत्र-वैशाखात सौर पॅनेल भरात असतात. संध्याकाळी मागणी वाढली की कोयनेची 1960 मेगावॉट क्षमता काही मिनिटांत हाताशी येते. तिलाही मर्यादा आहे: कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधलेलं आहे. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांचं ऊर्जेचं बळ असं पंचांगात विखुरलेलं आहे, आणि एकाच स्रोतावर भिस्त ठेवणाऱ्या योजना ते वाया घालवतात.

इथेनॉलबद्दलचा समज जास्त महागात पडला. ‘ऊस आपला, इथेनॉल आपलं, आता तेलाची चिंता नको’ असं म्हणत इथल्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या. 2023 चा पाऊस हुकला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, गाळप चालू असतानाच, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली. साखरेची निर्यातही रोखलेलीच होती. निर्बंध उठले ऑगस्ट 2024 मध्ये. मधल्या काळात इथेनॉलचा भार मक्याकडे सरकला आणि एरवी मका निर्यात करणारा आपला देश 2024 मध्ये तो आयात करू लागला. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट 2025 मध्ये गाठलं, हे यश लहान नाही. पण लागणारं 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आजही बाहेरूनच येतं.

‘मग सौरऊर्जेतही चीनचीच गुलामी ना?’ असं सुशिक्षित माणसंही विचारतात. पॉलिसिलिकॉनपासून पॅनेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर जगातली 80 टक्क्यांहून अधिक क्षमता चीनकडे आहे. देशी कारखाने उभे राहावेत म्हणून एप्रिल 2022 पासून भारताने आयात पॅनेलवर 40 आणि सेलवर 25 टक्के शुल्क लावलं. पण तेल आणि पॅनेल एका मापाने मोजू नयेत. तेलाची जहाजं थांबली तर काही आठवड्यांत पंप कोरडे पडतील. पॅनेलची थांबली तर नवे प्रकल्प रखडतील. छपरावर आधीच बसवलेलं पॅनेल पंचवीस वर्षं वीज देतच राहील.

जतच्या शेतकऱ्याला हा फरक लवकर कळेल. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून त्याच्या शिवारापर्यंत येतं. वीजबिल थकलं की पंप बंद, हे त्याने अनेकदा सोसलंय. आता त्याच पंपांसाठी जत तालुक्यात जर्मन बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प हाती घेतला आहे.