हॉलच्या भिंतीवरचा फोटो



आपला गणेशोत्सव ज्या चर्चच्या हॉलमध्ये होतो, तिथे स्वयंपाकघराच्या दाराशी एक नोटीस बोर्ड आहे. हॉलची किल्ली आणण्याचे काम मंडळाने माझ्या गळ्यात घातल्यामुळे त्या बोर्डापुढे ताटकळण्याचा योग वारंवार येतो. पूर्वी तिथे रवांडातल्या एका अनाथाश्रमाचा फोटो असे. पायऱ्यांवर ओळीने बसलेली चाळीसेक मुले. यंदा पाहिले तर त्या जागी एक मातीचे घर, दारात आजी, दोन नातवंडे आणि मागे गाय.

फोटो का बदलला, असे मिशन कमिटीच्या बाईंना सहज विचारले आणि तासभर अडकलो. (त्या दिवशी आरतीला उशीर झाला तो यामुळे. क्षमस्व.)

बाई सांगत होत्या ते असे. चर्च अनेक वर्षे त्या आश्रमाला पैसे पाठवी. उन्हाळ्यात इथली तरुण मुले दोन आठवडे जाऊन भिंती रंगवून येत. २०१२ साली रवांडा सरकारने ठरवले की आश्रम टप्प्याटप्प्याने बंद करायचे आणि मुले कुटुंबांत पाठवायची. त्या वर्षीच्या पाहणीत ३३ संस्थांत ३,३२३ मुले व तरुण होते. १९९४ च्या नरसंहारानंतर आश्रम वाढले हे खरे. पण २०१२ मधली लहान मुले तर त्यानंतर जन्मलेली. अनेकांचे आई, बाप किंवा जवळचे नातेवाईक हयात होते. घरी खायला नाही, शाळेची फी नाही, म्हणून मूल आश्रमात.

इथे चर्चमध्ये मोठा वाद झाला. ‘आपण बांधलेली इमारत ओस पडणार’ म्हणून काही जुने देणगीदार रुसले. शेवटी ठरले, पैसा इमारतीला न देता तिथल्या गावातल्या चर्चमार्फत घरांना द्यायचा. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या मोठ्या चर्चनेही रवांडात स्थानिक चर्चना हाताशी धरून या दिशेने काम केले आहे. कारण सोपे आहे. कोणाच्या घरात जागा आहे, कोणाची आजी अजून खमकी आहे आणि कोण पिऊन पडतो, हे गावातल्या माणसांनाच ठाऊक असते. मात्र मूल नेऊन सोडले की झाले, असे नाही. आधी सामाजिक कार्यकर्ते नातेवाईक शोधतात, भेटी घडवतात आणि नंतरही घरी जाऊन पाहतात. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी पालक कुटुंबे निवडून तयार केली जातात. त्यांना तिकडे ‘मलाइका मुरिंझी’ म्हणतात, म्हणजे रक्षण करणारा देवदूत. फोटोतली गाय कशाला, तर सरकारची गरीब कुटुंबाला एक गाय देण्याची योजना २००६ पासून आहे.

मी पडलो रसायनशास्त्रज्ञ. फोटो पाहून गहिवरलो तरी आकडे मागतो. ते मिळाले रोमानियाच्या बुखारेस्टमधून. तिथे नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकन संशोधकांनी संस्थांमधली १३६ तान्ही मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशी निम्मी पालक कुटुंबांकडे दिली. निम्मी होती तिथेच. वाचताना पोटात ढवळते. पण तेव्हा त्या शहरात पालक कुटुंबे जवळपास नव्हतीच, आणि कोणत्याही मुलाला बाहेर जाण्यापासून अडवायचे नाही, हे आधीच ठरले होते. निष्कर्ष २००७ साली ‘सायन्स’मध्ये आले. साडेचार वर्षांच्या वयाला सरासरी बुद्ध्यंक संस्थेतल्या गटाचा ७३, पालक कुटुंबातल्या गटाचा ८१, आणि जन्मापासून आपल्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुले अधिक सावरली. प्रयोगशाळेत इतका फरक दिसला तर मी साहेबांकडे धावत जाईन.

आता आपल्याकडे येतो. गणेशोत्सवाची शिल्लक दरवर्षी महाराष्ट्रातल्या एका बालगृहाला देण्याचा ठराव मीच मांडला होता. गेल्या डिसेंबरात मी तिथे जाऊन आलो. जागा स्वच्छ, बाई प्रेमळ, तक्रार काही नाही. पण माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीला मी विचारले, ‘तुझं गाव कुठलं?’ तर ती म्हणाली, ‘आई द्राक्षाच्या मळ्यावर असते. दिवाळीला न्यायला येते. मग परत सोडते.’ पुढचा घास उतरेना. आमचा पैसा तिला जेवू घालत होता, आणि तो तिच्या आईपर्यंत पोचण्याची वाटच आम्ही ठेवली नव्हती.

वाट नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना अशाच मुलांना घरी ठेवण्यासाठी आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे. पण अर्ज, दाखले, जिल्हा कार्यालयाच्या खेपा हे रोजंदारीवरच्या बाईने कधी करायचे? रोज बुडवून? हे काम करून देणाऱ्या, घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या संस्थांना कार्यकर्त्याचा पगार हवा असतो, आणि त्यावर कोणी आपली पाटी लावत नाही. मारहाण होणाऱ्या किंवा खरोखर कोणी नसलेल्या मुलांना आसरा लागतोच. तेव्हा बालगृहाची देणगी एकदम बंद करा असे मी म्हणत नाही. यंदा निम्मी रक्कम अशा कामाला द्यावी आणि दर वर्षी वाटा वाढवावा, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडत आहे. संस्थेकडे परदेशी देणगीची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी हवी. नाशिक, सोलापूरकडची एखादी संस्था कोणाच्या प्रत्यक्ष माहितीत असेल तर सभेपूर्वी मला फोन करा. कमिटीतल्या दोघांचा विरोध आहे, तेव्हा सभेला जरा वेळ काढूनच या. चहा आहे.