पडद्यावरची राजकन्या काय करते?



परवा कामोठ्यात गटाच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "आमचा मुलगा मोबाइलवर सारखा कुठल्यातरी राजकन्येला सोडवत असतो. त्यात एवढं काय आहे गं?" आज तेच बघू.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना, गाजलेला खेळ. नावाचा अर्थ इराणचा राजपुत्र. अमेरिकेतल्या जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८९ मध्ये आणला. त्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून पडद्यावरचा माणूस खऱ्यासारखा धावतो.

गोष्ट अशी. दुष्ट वजीर सुलतानाच्या मुलीला कोंडतो आणि धमकावतो, तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. खेळणाऱ्याने ६० मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचायचं. तिला नावसुद्धा नाही. ती खोलीत वाट बघते. एकदा मात्र ती एक उंदीर पाठवते आणि त्याच्यामुळे नायकाचं अडलेलं दार उघडतं. तिच्या वाट्याला काम आलं ते एवढंच.

२००३ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला, युबिसॉफ्ट कंपनीत, या मालिकेचा 'द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ तयार झाला. त्यातली राजकन्या फराह भारतातल्या एका महाराजाची मुलगी आहे. राजपुत्राच्या फौजेने तिच्या वडिलांचा महाल लुटला, तिला कैद केलं. पुढे राजपुत्राच्याच चुकीने मोठं संकट ओढवतं. तेव्हा फराह धनुष्यबाण घेऊन लढते, भिंतीच्या फटीतून आत शिरून दारं उघडते. शेवटी राजपुत्र लुटीतला खंजीर तिला परत देतो.

हा खेळ नव्याने बनवायचं २०२० मध्ये जाहीर झालं, तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेलं. पण लक्षात घ्या, चित्रं काढणं, संगणकाला सूचना लिहिणं ही कामं आपल्या इतक्या जवळ होतात. ती आपल्या मुलीही शिकू शकतात.

आता एक बारकी गोष्ट. फराह शूर आहे खरी, पण बटण दाबलं की हलतो तो राजपुत्र. जपानच्या निन्टेंडो कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही मालिका १९८६ पासून चालू आहे. झेल्डा हे राजकन्येचं नाव. पण खेळणारा हलवायचा तो लिंक नावाच्या मुलाला. मुख्य मालिकेत झेल्डा स्वतः नायिका झाली ती २०२४ मध्ये. खेळावर नाव तिचं, पण सूत्रं हातात यायला ३८ वर्षं लागली!

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? पासबुकावर नाव आपलं असतं, पण कर्ज कशासाठी घ्यायचं हे घरात ठरवतं कोण?

तेव्हा मुलाला नुसतं "मोबाइल ठेव" म्हणू नका. घडीभर शेजारी बसा आणि विचारा, "यात बाई आहे का? ती काय करते?" आणि त्याच्या बहिणीलाही खेळायची पाळी द्या. वाट बघत बसायची सवय तिला आपणच लावायला नको.