घरात बाळ येणार, मग कुत्र्या-मांजराचं काय?

गोड बातमी कळली की कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरात कुणीतरी म्हणतंच, “आता याला कुणाला तरी देऊन टाका.” बहुतेक वेळा त्याची गरज नसते. गरज असते तयारीची, आणि ती बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावी लागते.

कुत्रा बाळावर जळतो, असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर त्याला बाळापेक्षा मोडलेला दिनक्रम जास्त छळतो. सकाळची फेरी बंद, पलंगावर चढायला मनाई, रात्रभर रडणं, शेक-धुरीचा वास, हे सगळं एकाच दिवशी त्याच्यावर कोसळतं. म्हणून जे नियम बदलायचे, ते आधीच बदलावेत. बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्याच वेळी त्याला खाऊ द्यावा आणि काही दिवसांत आवाज थोडा थोडा वाढवावा.

आपल्याकडे आणखी एक पेच असतो, माहेरचा. सातव्या-आठव्या महिन्यात गेलेली ताई बाळंतपणानंतर काही महिन्यांनी परतते. कुत्र्याच्या लेखी ती गायबच झालेली असते, आणि येते ती अशा गाठोड्यासह, ज्याच्या जवळही त्याला फिरकू देत नाहीत. यावर उपाय म्हणजे ती जाण्याआधीच त्याचं खाणं-फिरवणं दुसऱ्या कुणीतरी हाती घ्यावं. माहेरहून बाळाचं वापरलेलं दुपटं मागवून त्याला लांबूनच हुंगू द्यावं. परतीच्या दिवशी आईने आधी एकटीने आत येऊन त्याला भेटावं. बाळ तोवर दुसऱ्याच्या हातात बाहेर असावं. तो शांत झाला की पट्टा लावूनच पहिली ओळख करून द्यावी. घरी बारशाची गर्दी असेल तेव्हा त्याला आतल्या खोलीत ठेवलेलं बरं.

कुत्रा गुरगुरला तर मारू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावू शकतो. त्याने तोंड फिरवलं, सारखे ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर तो अवघडलेला आहे. बाळासोबतच्या कौतुकाच्या फोटोंमध्ये हे अनेकदा दिसतं, फक्त कुणी पाहत नाही. खरी परीक्षा बाळ रांगू लागल्यावर असते. तेव्हा घरचे निर्धास्त झालेले असतात आणि बाळाचा हात थेट शेपटीवर किंवा जेवणाच्या भांड्यात जातो. दोघांना एका मिनिटासाठीही एकटं सोडू नये.

मांजराबाबतची भीती टोक्सोप्लाझ्मोसिसची. गरोदरपणात याचा पहिल्यांदा संसर्ग झाला तर गर्भाला धोका असतो. पण मांजराच्या विष्ठेतला परजीवी संसर्गजन्य व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. त्यामुळे घाणीचा ट्रे रोज साफ करावा, आणि तो गर्भवतीने नव्हे, दुसऱ्याने. कच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांतूनही हा संसर्ग होतो. म्हणजे मांजर देऊन टाकलं तरी धोका संपत नाही. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं, ही निव्वळ समजूत. ते ऊब शोधत बाळाशेजारी झोपू शकतं, हे मात्र खरं, म्हणून बाळाच्या खोलीचं दार बंद असावं.

रेबीजची लस आणि जंताचं औषध बाळ येण्याआधीच देऊन घ्यावं. तरीही बाळाला ओरखडा किंवा दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवावी. हळद-चुना लावू नये. प्राण्याचं लसीकरण झालेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.