नाव एका डिस्टिलरीचे, बाटली दुसऱ्याची : स्कॉटलंडच्या स्वतंत्र बॉटलरांची सिंगल माल्ट व्हिस्की

स्कॉटलंडच्या आयला बेटावरील ‘कल ईला’ डिस्टिलरीची बारा वर्षे मुरलेली व्हिस्की दोन वेगवेगळ्या बाटल्यांतून समोर आली, तर अनेक जण गोंधळतात. एक बाटली मालक कंपनीची असते. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण ४३ टक्के असते आणि ती जगात कोठेही घेतली तरी चव जवळपास तीच लागते. दुसऱ्या बाटलीवर डिस्टिलरीचे नाव तेच असते. मात्र वर एखाद्या व्यापारी पेढीचे नाव, पिंपाचा क्रमांक आणि ५७-५८ टक्क्यांचा आकडा छापलेला असतो. रंग वाळलेल्या गवतासारखा फिका आणि धूर कितीतरी अधिक तिखट. यातील कोणतीही बाटली बनावट नसते. दुसरी बाटली ‘स्वतंत्र बॉटलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या व्यवसायाची असते, आणि नेमक्या याच व्यवसायाला आता मालाची चणचण भासू लागली आहे.

सिंगल माल्ट म्हणजे एका पिंपातील व्हिस्की, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. तो चुकीचा आहे. ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला उद्देशून आहे. ब्रिटनच्या २००९च्या नियमांनुसार ही व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून, भांडीवजा तांब्याच्या भट्टीत गाळलेली असावी लागते. ती ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरावी लागते आणि बाटलीत तिचे प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. मालक कंपनी आपली नेहमीची बाटली भरताना अनेक पिंपे एकत्र करते, कारण तिला सातत्य हवे असते. स्वतंत्र बॉटलर बहुधा एकच पिंप फोडतो. त्याला सातत्य नव्हे, तर त्या पिंपाचा स्वभाव विकायचा असतो.

हा धंदा वाणसामानाच्या दुकानांतून वाढला. एकोणिसाव्या शतकात डिस्टिलरी आपला माल पिंपांतून दुकानदारांना आणि मिश्रण करणाऱ्या कंपन्यांना विकत असे. बाटलीवर नाव दुकानदाराचे. अॅबरडीनमध्ये १८४२मध्ये सुरू झालेली कॅडनहेड ही पेढी आज कॅम्पबेलटाउनमधून चालते. एल्गिन गावात १८९५मध्ये किराणा आणि मद्याचे दुकान म्हणून उघडलेल्या गॉर्डन अँड मॅकफेलने तर आपली रिकामी पिंपे डिस्टिलरींकडे नेऊन ताज्या मद्याने भरून आणण्याची पद्धत पाडली. बहुतेक माल्ट तेव्हा मिश्र व्हिस्कीतच जिरत असे. अशा काळात, १९६८मध्ये, या पेढीने ‘कॉनॉशर्स चॉइस’ ही मालिका काढून अनेक अपरिचित डिस्टिलरींची नावे प्रथमच ग्राहकांपुढे आणली. पुढे १९८३मध्ये एडिनबऱ्यात स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी उभी राहिली. ती बाटलीवर डिस्टिलरीचे नावच छापत नाही. केवळ आकडे असतात. पहिला आकडा डिस्टिलरीचा, दुसरा पिंपाचा. नावाच्या दबदब्याशिवाय चव घ्यावी, हा त्यामागील हेतू.

आकडे वापरण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारणही आहे : आपले नाव परक्या बाटलीवर झळकलेले सर्वच कंपन्यांना रुचत नाही. काही कंपन्या त्यासाठी एक गमतीदार युक्ती करतात. पिंप बाहेर विकण्यापूर्वी त्यात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर व्हिस्की ओततात. चव बदलत नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ती सिंगल माल्ट उरत नाही. बाल्व्हेनीची अशी पिंपे ‘बर्नसाइड’ आणि ग्लेनफिडिकची ‘वॉर्डहेड’ या नावाने बाजारात फिरतात. एक चमचा दूध लोणीभर पसरावे तसा हा नियम आहे. जाणकार ग्राहक मात्र त्याचा फायदाच उठवतो, कारण नाव झाकले की किंमतही उतरते.

अशी बाटली घेताना खरी माहिती लेबलावरच असते आणि ती वाचण्यासाठी दोन मिनिटे पुरतात. गाळल्याची आणि बाटलीत भरल्याची तारीख दिलेली असेल, तर वय स्वतःच मोजता येते. नुसते वय दिले असेल, तर ते आतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. त्याखालोखाल महत्त्वाचे ते पिंप. अमेरिकेत बर्बनसाठी वापरलेले, साधारण २०० लिटरचे पिंप व्हॅनिला आणि नारळाकडे झुकणारा गोडवा देते; शेरीचे ५०० लिटरचे पिंप मनुका, खजूर, अक्रोड यांची आठवण करून देते. पिंप वारंवार भरलेले असेल, तर लाकूड मागे राहते आणि डिस्टिलरीचा मूळ स्वभाव पुढे येतो. एखादी डिस्टिलरी समजून घ्यायची असल्यास असे थकलेले पिंप काळ्याभोर शेरी पिंपापेक्षा अधिक शिकवते. गडद रंगावर भाळू नये, हेही येथेच सांगायला हवे. स्कॉच व्हिस्कीत पाण्याखेरीज जळक्या साखरेचा रंग घालण्यास कायद्याची मुभा आहे. स्वतंत्र बॉटलर बहुधा तो घालत नाहीत. थंड करून गाळण्याची प्रक्रियाही ते टाळतात. त्यामुळे ४६ टक्क्यांच्या खाली पाणी पडले की व्हिस्की किंचित गढुळते. तो दोष नव्हे. चव आणि तोंडातील स्निग्धता देणारे घटक शाबूत असल्याची ती खूण आहे.

चव घेण्याची रीत साधी आहे, पण घाई तिला मारक ठरते. पेला वर निमुळता असावा, म्हणजे वास एकवटतो. बर्फ नको, थंडीने वास दबतो. नाक पेल्यात खुपसू नये, तोंड किंचित उघडे ठेवून दुरून वास घ्यावा, कारण ५८ टक्क्यांचा मद्यार्क नाक बधिर करतो आणि पुढचे काहीच कळत नाही. पहिला घोट अगदी लहान, जीभ सरावण्यापुरता. दुसऱ्या घोटापासून चव मोजावी.

मग पाणी. पाणी घालणे हा अपमान आहे, अशी समजूत अनेक बैठकांत आढळते. व्यवसायातील मिश्रणतज्ज्ञ मात्र नमुने भरपूर पाणी घालूनच हुंगतात. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७मध्ये संगणकीय प्रतिमानाद्वारे दाखवले, की धुराच्या वासाशी निगडित ग्वायाकॉल हा घटक तीव्र मद्यार्कात द्रवाच्या आत दडून राहतो आणि प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आले की पृष्ठभागाकडे येतो. हिशेबही सोपा आहे. ५८ टक्क्यांच्या २० मिलिलिटर व्हिस्कीत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घातले, की ती जवळपास ४६ टक्क्यांवर येते. पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. जास्त झालेले काढता येत नाही. एका बैठकीत तीन-चार नमुन्यांपलीकडे जीभ विश्वासार्ह राहत नाही, आणि धुराचा नमुना नेहमी शेवटी.

एका पिंपाच्या व्हिस्कीत जोखीमही असते, हे तिचे चाहते फारसे सांगत नाहीत. पिंप सुमार असेल, तर सावरून घ्यायला दुसरे नसते. जादा वयही हमी देत नाही. स्कॉटलंडच्या गोदामात दरवर्षी सुमारे २ टक्के द्रव हवेत उडून जातो, त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. तेथील दमट हवेत मद्यार्काची तीव्रताही उतरत जाते आणि ती ४० टक्क्यांखाली गेली, तर तो माल स्कॉच म्हणून विकताच येत नाही. उलट योग्य पिंप लाभले, तर गॉर्डन अँड मॅकफेलने फेब्रुवारी १९४०मध्ये ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीत भरून घेतलेल्या पिंपासारखे घडते : ८० वर्षांनंतरही त्यात ४४.९ टक्के शक्ती होती आणि त्यातून २५० बाटल्या निघाल्या.

याच पेढीने २०२३मध्ये जाहीर केले, की २०२४पासून ती इतरांच्या डिस्टिलरीत नवी पिंपे भरणार नाही. बेनरोमाक आणि केर्न या स्वतःच्या दोन डिस्टिलरींवर भर देणार. हाताशी असलेला साठा काही दशके पुरेल. पण या निर्णयातून बदललेला बाजार दिसतो. मिश्र व्हिस्कीच्या जमान्यात कंपन्यांना माल्टचे जादा पिंप ओझे वाटे. आता तेच पिंप त्यांना स्वतःच्या नावाने चढ्या भावात विकता येते. सिग्नेटरीने २००२मध्ये एड्राडूर डिस्टिलरी विकत घेतली, तीही पुरवठा स्वतःच्या हाती असावा याच गणिताला धरून.

भारतीय ग्राहकांपर्यंत यातील फारच थोडे पोहोचते. मिश्र स्कॉच मोठ्या प्रमाणावर आणून येथे बाटलीत भरता येते. सिंगल माल्ट मात्र नोव्हेंबर २०१२पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावे लागते. जुलै २०२५मध्ये स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. मिश्र ब्रँडांना त्याचा लाभ सहज मिळेल. एका पिंपातून निघणाऱ्या दोन-अडीचशे बाटल्यांसाठी प्रत्येक राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे स्वतंत्र लेबल नोंदवण्याचा खर्च मात्र शुल्क घटले तरी तेवढाच राहतो. उलट दिशेचा प्रवास तुलनेने सोपा ठरला आहे : गोव्यातील कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीची पिंपे एडिनबऱ्याच्या त्या आकडेवाल्या सोसायटीने निवडून, नाव झाकून, आपल्या सभासदांना विकली आहेत.