गीतकार : पारंपरिक

सुरुवातीलाच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठ्या मनाने पोटात घाला.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या होस्टेलसमोर एक गाणं सगळ्यात जास्त वेळा वाजलं. मेसचे काकासुद्धा त्यावर नाचले. माझा रूम पार्टनर तेवढा कडेला उभा. विचारलं, "काय रे, पाय दुखतायत का?" तर म्हणाला, "हे गाणं आमच्या अण्णांनी लिहिलंय." अण्णा म्हणजे त्याचे आजोबा.

मला वाटलं फेकतोय. रूमवर आल्यावर मोबाईलवर गाणं शोधलं. गायकाचं नाव होतं, कंपनीचं होतं. गीतकार या रकान्यात लिहिलं होतं, पारंपरिक.

अण्णा हयात आहेत, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शेती बघतात. 1998 साली एका कॅसेटवाल्याने त्यांची चार गाणी घेतली, आठशे रुपये दिले आणि एका चिठ्ठीवर सही घेतली. पुढे कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, मोबाईल आला. गाणं दर वेळी नव्या घरात राहायला गेलं, अण्णांना मात्र कोणी काही कळवलं नाही.

तेव्हापासून मी या विषयात डोकं घातलंय. जे समजलं ते सोपं करून सांगतो, कारण आपल्यापैकी निम्मी मंडळी उद्या सॉफ्टवेअरमध्येच जाणार आहेत.

एका गाण्यात तीन गाणी

आपण ज्याला एक गाणं म्हणतो ते कायद्याच्या नजरेत तीन वेगवेगळ्या वस्तू असतात : शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि मुदतीही वेगळ्या. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षे चालतो. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षे. म्हणून तुकोबांच्या अभंगाचे शब्द कोणीही गावेत, पण एखाद्या गायकाने 1980 साली केलेलं त्याच अभंगाचं रेकॉर्डिंग परवानगीशिवाय वापरता येत नाही. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे.

हा 60 चा आकडा आला कुठून? आधी तो 50 होता. रवींद्रनाथ टागोर 1941 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरचा हक्क 1991 अखेर संपत होता. तो संपू नये म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. सांस्कृतिक धोरण म्हणजे नुसती संमेलनं आणि पुरस्कार नव्हेत, असा एखादा आकडासुद्धा धोरणच असतो.

1977 आणि 2012

सिनेमाच्या गाण्यांची कथा आणखी वेगळी. निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं लिहून घेतलं, आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक निर्माता, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितलं. गीतकाराला एकदा मानधन मिळालं की विषय संपला. पुढे ते गाणं रेडिओवर, हॉटेलात, रिंगटोनवर कितीही वाजो.

हे बदललं 2012 मध्ये. गीतकार आणि संगीतकारांनी बरीच वर्षं मागणी लावून धरली होती. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनीही हा मुद्दा तिथे मांडला. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमागृह सोडून गाणं इतर कुठेही वापरलं गेलं, तर रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा समान वाटा. आणि महत्त्वाचं म्हणजे हा वाटा सही करूनसुद्धा सोडून देता येत नाही! गरजू माणूस कशावरही सही करतो, हे कायद्याने ओळखलं. सिनेमाबाहेरच्या गाण्यांनाही असंच संरक्षण मिळालं.

पण अण्णांची चिठ्ठी 1998 ची, मग त्यांचं काय? इथे मला एक जुनाच नियम सापडला. हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर ते पाच वर्षांसाठीच दिले असं धरायचं. हा नियम 1995 पासून लागू आहे. अण्णांच्या चिठ्ठीवर एवढंच आहे : "चार गाण्यांचे आठशे रुपये पोचले." मुदत कुठेच नाही. म्हणजे ज्या चिठ्ठीला घरचे पंचवीसहून जास्त वर्षं घाबरले, ती कदाचित 2003 मध्येच संपली होती. अर्थात मी वकील नाही. वकिलाला दाखवायचीच आहे.

रिकामा रकाना

आता आपल्या कामाचा भाग. रेडिओला ठरावीक दराने गाणी वाजवण्याचा परवाना मिळण्याची सोय कायद्यात आहे. इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ती लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला. म्हणजे अ‍ॅपवाल्यांनी हक्कदारांशी करार करायचा. पण हक्कदार कोण हे कळणार कसं? डेटाबेसमधून.

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा एक कोड असतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. शब्द-चालीच्या रचनेला वेगळा कोड, आयएसडब्ल्यूसी. हे दोन कोड एकमेकांना जोडलेले असले तरच कितीदा वाजलं याचा हिशोब लिहिणाऱ्यापर्यंत पोचतो. डीबीएमएसच्या व्हायवात आपण फॉरेन कीची व्याख्या घडाघडा म्हणतो ना, ती हीच. ती नसेल तर रेकॉर्डिंगचा मालक सापडतो, कवी सापडत नाही. आणि रिकाम्या जागी कोणीतरी "पारंपरिक" टाइप करून मोकळं होतं. कॅसेटच्या काळात गाणं किती वेळा वाजलं हे मोजताच येत नव्हतं. आता एकेक क्लिक मोजली जाते, पण कोणाच्या नावावर, हे भरायला आपल्याला वेळ नाही.

राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं. अण्णांना ते मिळतं आणि त्याचा आधारही आहे. पण मानधन हे सरकारने दिलेलं असतं, रॉयल्टी ही गाण्याने कमावलेली असते. दोन्ही हवं, पण एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं गावी गेलो. अण्णांनी ट्रंकेतून वही काढली. शाळेची, चौकटीची. त्यात ते गाणं, खाडाखोड केलेलं, खाली तारीख 1996 ची. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नसते, लिहिलं की हक्क लागू होतो. पण वाद झाला तर अशी वही कामाला येते. आम्ही पानन् पान स्कॅन केलं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेच्या सभासदत्वाचा अर्ज आणि कंपनीला पाठवायचं पत्र, दोन्ही तयार होतंय.

निघताना अण्णा म्हणाले, "पैशाचं र्‍हाऊ द्या पोरांनो. माझं नाव तेवढं लागतंय का बघा."

मित्रहो, पुढच्या महिन्यात आपलं गॅदरिंग आहे. व्हिडिओ अपलोड करताना गीतकाराचा रकाना येईल. दोन मिनिटं लागतील, पण शोधून भरा.